उज्जैनचे वेध आणि बैतूलचा मनोरा

काही अरब भूगोलज्ञ पृथ्वीच्या मध्यबिंदूस ‘अरीन’ म्हणत. हा शब्द ‘उज्जैन’चेच अपभ्रष्ट रूप होय. अठराव्या शतकात सवाई जयसिंहाने येथे वेधशाळा बांधली, ती मुख्यतः दिल्लीचे वेध पडताळून पाहण्यासाठी. या वेधांवर आधारलेली फारसी सारणी ‘झीज-इ-मुहम्मदशाही’ नावाने बादशहास अर्पण झाली. पोर्तुगालहून आणविलेल्या ला हिरच्या सारणीत चंद्राचे स्थान सुमारे अर्ध्या अंशाने चुकते, असे तिच्या प्रस्तावनेत नमूद आहे. परक्या ठिकाणची सारणी स्वतःच्या आकाशाशी ताडल्याशिवाय स्वीकारायची नाही, ही ती दृष्टी. १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांच्या काळात वेधशाळेचा जीर्णोद्धार झाला.

शंकूच्या छायेवरून सूर्य कोठे आहे हे कळते. त्याची उष्णता जमिनीवर कशी खर्च होते हे कळत नाही. जंगलावर पडणाऱ्या उन्हापैकी किती पाण्याची वाफ करण्यात जाते, किती हवा तापविते, आणि पाने किती कार्बन वायू घेतात, याचे थेट मापन विसाव्या शतकातच शक्य झाले. १९५१ मध्ये ऑस्ट्रेलियात स्विनबँक यांनी त्याची पद्धत मांडली. जंगलाच्या माथ्यावरील मनोऱ्यावरून हवेचे वर-खाली जाणारे झोत सेकंदाला दहा-वीस वेळा मोजायचे, त्याच क्षणी त्यांतील उष्णता, बाष्प व कार्बन वायूही मोजायचा, आणि साधारण अर्ध्या तासाचा हिशेब काढायचा. वर जाणाऱ्या झोतात कार्बन वायू कमी आणि खाली येणाऱ्यात अधिक, तर जंगल तो शोषत आहे.

ब्राझीलमधील मानाउसजवळच्या वर्षावनात १९८३ पासून अशी मोजणी झाली. पडलेल्या पावसापैकी सुमारे निम्मा पुन्हा हवेत जातो, असे तीत आढळले. तापाजोस येथील जंगल कोरड्या ऋतूत कार्बन घेते आणि पावसाळ्यात सोडते, हा २००३ चा निष्कर्ष तर तत्कालीन गणिती प्रतिमानांच्या नेमका उलट होता.

हा निष्कर्ष माळवा-सातपुड्यास लावता येईल काय? येथील साग उन्हाळ्यात पाने गाळतो. ॲमेझॉनमधील झाडे खोल मुळांनी पाणी ओढून हिरवी राहतात. सागाच्या निष्पर्ण रानात मात्र ऊन प्रामुख्याने हवा तापविण्यात खर्च होते. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी अमरावतीला लागून असलेल्या बैतूल जिल्ह्यात, सागाच्या मिश्र पानझडी जंगलात मनोरा उभारून हिवाळा व उन्हाळ्यातील देवाणघेवाण मोजली. ते काम २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. मध्यप्रदेशच्या जंगलांचा विचार करताना मानाउसच्या आकड्यांपेक्षा या नोंदींना अधिक वजन द्यावयास हवे.

या पद्धतीतही एक अडचण आहे. वारा पडलेल्या रात्री झाडांनी व मातीने सोडलेला कार्बन वायू थंड हवेबरोबर उताराने वाहून जातो आणि मनोऱ्यावरील यंत्रास तो दिसतच नाही. म्हणून अशा रात्रींच्या नोंदी वगळून वाऱ्याच्या रात्रींवरून काढलेला अंदाज भरतात. वर्षअखेरीस जंगल कार्बन घेणारे ठरते की सोडणारे, हे कित्येकदा या एका दुरुस्तीवर अवलंबून असते.