सात फुटांत बोरघाट

ज्यांना हेडफोन लावायचा कंटाळा आहे किंवा जे ऑफिसच्या मीटिंगमध्ये लपून वाचतायत, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना जे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं.

आजचा विषय माझ्या घरातल्या एका भिंतीपासून सुरू होतो. डोंबिवलीला वन बीएचके, हॉलमध्ये माझं कामाचं टेबल, आणि टेबलाच्या वरची भिंत रिकामी. लांबी सात फूट. तिथे दोन फूट रुंद फळी ठोकायची परवानगी बायकोकडून मिळाली आहे (लेखी नाही, पण मिळाली आहे). त्या फळीवर मला मॉडेल रेल्वे करायची आहे. साधी गोल फिरणारी नाही. खाली कर्जत, वर खंडाळा. दोन मजली.

आता मी इंजिनियर, म्हणून आधी सॉफ्टवेअर उघडलं, रूळ ओढले, झकास दिसलं. मग चढ मोजला. नऊ टक्के! प्लॅन कर्जतला बाबांना व्हॉट्सअ‍ॅप केला. बाबा निवृत्त होईपर्यंत कर्जतच्या बँकर इंजिनांवर होते. बँकर म्हणजे घाट चढताना गाडीला मागून ढकलणारी इंजिनं. त्यांचा फोन आला, "अरे, ही गाडी आहे की लिफ्ट?"

खऱ्या बोरघाटातला सगळ्यात कडक चढ ३७ फुटांना एक फूट, म्हणजे २.७ टक्के. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, आणि मॉडेल लहान केलं म्हणून घर्षणाचे नियम काही आपल्यावर मेहेरबान होत नाहीत. मॉडेलमध्येही तीन-साडेतीन टक्क्यांच्या पुढे गेलात की लहान इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत बसतं. म्हणजे उंची हवी असेल तर लांबी लागणार. आणि लांबीच तर माझ्याकडे नाही.

हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. मॉडेल रेल्वेचा अख्खा इतिहास म्हणजे कमी पडणाऱ्या जागेचा इतिहास आहे. १८९१ मध्ये जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीने खेळण्यातल्या गाड्यांची मापं ठरवून दिली, तेव्हा रुळांमधलं अंतर ४५ मिलिमीटर आणि त्याहून मोठं होतं. त्या गाड्या बंगल्यात राहणाऱ्यांच्या. मग ३२ मिलिमीटरचं 'झीरो' माप आलं. १९३५ च्या सुमारास टेबलावर मावेल अशी त्याच्या निम्म्याची गाडी आली, तीच पुढे १६.५ मिलिमीटरची 'एचओ' झाली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आर्नोल्ड कंपनीने ९ मिलिमीटर आणलं, ते 'एन'. आणि १९७२ मध्ये मेर्कलिननेच साडेसहा मिलिमीटरचं 'झेड'. घरं लहान होत गेली तशी गाडी लहान होत गेली. मी एन घेतोय, १ ला १६०.

पण गाडी लहान केली तरी टक्के तेच राहतात ना. म्हणून वर जायचा सर्वमान्य उपाय म्हणजे हेलिक्स, गोल जिन्यासारखे एकावर एक रुळांचे वेढे. अमेरिकेतल्या तळघरांमध्ये तो मस्त चालतो. माझा हिशोब सांगतो. २५ सेंटिमीटर त्रिज्या घेतली तर एक वेढा १५७ सेंटिमीटरचा. खालच्या वेढ्यावरची गाडी वरच्या फळीला अडकू नये म्हणून दर वेढ्याला निदान ५ सेंटिमीटर चढायला हवं, म्हणजे ३.२ टक्के. मजल्यांमध्ये ३० सेंटिमीटर हवे असतील तर सहा वेढे, जवळपास साडेनऊ मीटर रूळ. गाडी आत शिरली की दीड-दोन मिनिटं गायब! वर त्या गोल डब्याने माझ्या सात फुटांतले पावणेदोन फूट खाल्लेले. जागा वाचवायला केलेली गोष्टच सगळ्यात जास्त जागा खाते.

इथे मला जॉन अ‍ॅलन हा माणूस आठवला. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे गावचा फोटोग्राफर. मॉडेल रेल्वेच्या जगात त्याच्या 'गोर अँड डॅफेटिड' या काल्पनिक रेल्वेला अजून देवळासारखा मान आहे. नाव मोठ्याने म्हणून बघा, इंग्रजीत ते 'रक्तबंबाळ आणि पराभूत' असं ऐकू येतं. विनोदी माणूस होता. त्याच्या यार्डात शंटिंग करायला एम्मा नावाची डायनासोर होती, चक्क नंबर टाकलेली. त्याचं शेवटचं काम म्हणजे तळघरभर, जमिनीपासून छतापर्यंत चढलेले डोंगर. पण सुरुवात १९४० च्या दशकात एका छोट्या फळीवर झाली, साधारण साडेतीन फूट बाय पावणेसात फूट. माझ्याच भिंतीएवढी लांबी! तेवढ्यात त्याने रूळ एकमेकांच्या वरून-खालून नेले आणि नजरेला उंची दाखवली. पुढे मोठं काम केलं तेव्हा ही जुनी फळी टाकली नाही, त्यातच बसवून घेतली. जानेवारी १९७३ मध्ये तो गेला आणि काही दिवसांतच घराला आग लागून जवळजवळ सगळं जळालं. आज उरलेत ते मुख्यतः त्याने काढलेले फोटो.

अ‍ॅलनकडून मी घेतलं ते एवढंच, की दोन मजले म्हणजे कपाटाचे दोन कप्पे असायलाच हवेत असं नाही. मागचा भाग जरा वर, पुढचा खाली, गच्चीसारखं केलं तरी डोळा फसतो. मग ३० सेंटिमीटर कशाला, आठसुद्धा पुरतील. पण आठ चढायचे कसे?

बाबा म्हणाले, "बोरघाटात पहिल्यांदा कसे चढले ते बघ की."

१८५० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य अभियंता जेम्स बर्कली याच्यापुढे माझाच प्रश्न होता, फक्त १६० पट मोठा. सुमारे २५ किलोमीटरमध्ये १८३१ फूट चढायचं. खंडाळ्याच्या खाली अशी जागा आली की पुढे दरी, बाजूला कडा, आणि गाडीला वळायला लागणारी मोठी गोलाई मावतच नाही. तेव्हा त्याने वळायचं सोडूनच दिलं. गाडी एका टोकाला नेऊन थांबवायची, इंजिन काढून दुसऱ्या बाजूला लावायचं, आणि उलट दिशेने पुढचा चढ चढायचा. इंग्रजी झेड अक्षरासारखा मार्ग. याला म्हणतात रिव्हर्सिंग स्टेशन. जागेची किंमत त्याने वेळेत चुकवली, दर गाडीमागे एक थांबा. २१ एप्रिल १८६३ ला घाट सुरू झाला. बर्कली आदल्याच वर्षी वारला होता. १९२० च्या दशकाच्या शेवटी नवे बोगदे खोदून सरळ मार्ग झाला आणि ते स्टेशन इतिहासजमा झालं.

मी पुन्हा सॉफ्टवेअर उघडलं. पुढच्या कडेला कर्जत. गाडी डावीकडे निघते, फळीच्या डाव्या टोकाला अर्धवर्तुळ घेते आणि चढत चढत उजव्या टोकाला येते. तिथे थांबते. मग उलटी फिरून भिंतीलगत चढत डावीकडे जाते आणि अर्धवर्तुळाच्या डोक्यावर असलेल्या खंडाळ्याला पोचते. साडेतीन टक्क्यांत आठ सेंटिमीटर निघाले. पण टोकाला इंजिन सोडवून दुसऱ्या बाजूला न्यायला शेजारी आणखी एक रूळ आणि दोन सांधे लागत होते. ते काही केल्या बसेनात.

"मागे बँकर लाव ना," बाबा म्हणाले, जणू भाजीत मीठ घाल म्हणावं तसं. "मागचं इंजिन पुढचं होईल. काढायचंच कशाला?"

आणि खरंच! साध्या डीसी करंटवर रुळांतली धन-ऋण बाजू बदलली की दोन्ही इंजिनं आपोआप एकाच दिशेला धावतात, कुणाचं तोंड कुठे का असेना. तीन डबे, दोन इंजिनं, सत्तर सेंटिमीटरची शेपटी. बसलं. दोन वर्षं मी यूट्यूब बघत होतो, आणि उत्तर बाबांच्या नोकरीत होतं. त्यांनी ड्यूटीबद्दल घरी कधी फारसं सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. आता रोज रात्री फोन येतो. ब्रेक निकामी झालेली गाडी उतारावर पकडायला कॅच सायडिंग लागते, ती प्लॅनमध्ये कुठे आहे, असं परवा विचारत होते.

एका जागी मात्र मी अडकलोय. घाट बर्कलीने बांधला असं आपण म्हणतो, मी आत्ताच म्हणालो. पण पहिल्या कंत्राटदाराच्या काळात, १८५९ मध्ये, मजुरीवरून इथे दंगल झाली. दुसरा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आला आणि काही आठवड्यांत आजाराने गेला, मग कंत्राट त्याची बायको अ‍ॅलिस हिने पुढे चालवलं. ही नावं तरी सापडतात. १८६१ मध्ये घाटात ४२ हजारांहून जास्त मजूर होते. कॉलरा, ताप, सुरुंग, कड्यावरून पडणं यांत हजारो मेले. काही इतिहासकारांचा अंदाज पंचवीस हजारांपर्यंत जातो. त्यांची नावं कुठल्याही पाटीवर मी पाहिलेली नाहीत.

एन मापात माणूस एक सेंटिमीटर उंच असतो. मी सहज हिशोब केला. एकेकाला एक चौरस सेंटिमीटर दिला, खांद्याला खांदा लावून उभं केलं, तरी ४२ हजार माणसांना ४.२ चौरस मीटर जागा लागेल. माझी अख्खी फळी १.३ चौरस मीटर आहे. म्हणजे रूळ, डोंगर, स्टेशन काहीच ठेवलं नाही तरी तीन भागांतला एक भाग मावेल. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, लहानपणी बाबांनी नेलं होतं, तिथून मी या नादाला लागलो. आता मॉडेलमध्ये कुठलाही बोगदा बघितला की तो खणला कुणी, हे डोक्यात येतं.

बाबांना हा आकडा सांगितला. थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, बोगद्याच्या तोंडाशी घमेलं घेतलेली चार-पाच माणसं तरी ठेव, आणि त्यांना रंग मी देतो.

रविवारी ते सकाळच्या लोकलने येतायत. प्लायवूड पॅसेजमध्ये उभं आहे, शेजारच्या काकू दोनदा विचारून गेल्या की कपाट करताय का. पुढच्या भागात वायरिंग!