हँडब्रेकचा पुढचा अर्धा

पेडण्यात किंवा डिचोलीत पन्नाशीच्या दशकातला अमेरिकन पिकअप दारात उभा असला, की चाकाखाली चिरा आलाच. हँडब्रेक गेलेला, आणि त्याचं सामान आता मिळत नाही, ही तक्रारही ठरलेली. ती अर्धीच खरी आहे. मागच्या ड्रममधल्या स्प्रिंगा, पिना, दोन ब्रेक-शूंना फाकवणारी पट्टी हा माल त्या काळच्या शेवरले-फोर्डसाठी अमेरिकेत आजही नव्याने बनतो. अडतं ते पुढे, ड्रायव्हरच्या हाताशी. पोर्तुगालने १९२८ साली आपली वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूला नेली. पण ब्रिटिश हिंदुस्थानाला खेटलेल्या गोव्यात गाड्या डाव्या बाजूनेच चालत राहिल्या. साहजिकच इथे सोयीची गाडी म्हणजे उजव्या स्टिअरिंगची. तिच्या मुठीचा ब्रॅकेट दुसऱ्या बाजूला, पुढच्या केबलचा मार्ग वेगळा, म्हणून लांबीही वेगळी. अमेरिकेतल्या डाव्या स्टिअरिंगच्या मॉडेलचा भाग क्रमांक तंतोतंत जुळवून मागवलेली केबल चार बोटं आखूड निघाली, तर दोष विकणाऱ्याचा नव्हे.

पुढचा अर्धा मग शोधायचा कुठे? इथे सरहद्दीचा इतिहास आडवा येतो. १९४७ पासून गोव्याचं लोहखनिज परदेशी जाऊ लागलं. डिचोलीच्या खाणींतून ट्रक सारमानसच्या धक्क्याकडे, तिथून बार्जी मुरगावला, म्हणजे गाड्यांची गरज आलीच. १५ ऑगस्ट १९५५ ला पेडण्यातल्या पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळीबार झाला, भारताने सरहद्द आवळली, आणि मुंबईचा बाजार रस्त्याने गाठण्याजोगा असूनही परका झाला. गाडी आणि तिचं सामान दोन्ही बंदरातून. पलीकडे मुंबईत तोवर निराळंच घडलं होतं: १९२८ पासून शिवडीत गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ च्या सुमारास गाशा गुंडाळला, फोर्डही गेली, उरले कुर्ल्याच्या प्रीमियरचे डॉज-फार्गो आणि महिंद्राच्या जीप. १९ डिसेंबर १९६१ च्या गोवामुक्तीनंतर वाट मोकळी झाली तेव्हा त्या वाटेने येण्याजोगं होतं ते हेच. जुन्या जीपचा हँडब्रेक मुळात चाकांना धरतच नाही, गिअरबॉक्सच्या मागे प्रोपेलर शाफ्टवरचा लहानसा ड्रम आवळतो. म्हणून तिचे शू पिकअपला निरुपयोगी. पण डॅशबोर्डखालून ओढायची मूठ, तिचा दातेरी दांडा, दात अडकवणारी खिट्टी हे सगळं भारतात उजव्या स्टिअरिंगसाठीच बसवलेलं. आपल्या पिकअपचा सख्खा नसला तरी चुलत भाऊ तो हा.

यावर शुद्धतावादी म्हणतील, मग गाडी अस्सल कुठे राहिली? केंद्राच्या २०२१ च्या विंटेज नियमांचा कटाक्ष चॅसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार न करण्यावर आहे. खिट्टी कुठली, हा त्यांचा प्रश्न नाही. शिवाय ज्या गाडीचं सामान सरहद्दीपायी कधी बंदरातून, कधी कुर्ल्यातून आलं, तिच्या बाबतीत एकाच कारखान्याच्या शिक्क्याचा आग्रह मला तरी उसना वाटतो. दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: गिअर टाकला, चिरा लावला, भागलं! भागतं, पण पावसाळाभर न ओढलेली केबल नळीच्या आतच गंजून धरते, आणि सप्टेंबरात कुणी जोर लावला की नेमकी तुटते. तेव्हा आधी गंजकी केबल सबंध काढावी. तिच्याच मार्गाने सुतळी फिरवून, मूठ पूर्ण आत असताना माप घ्यावं, टोकाची पिन लेथवर करून घ्यावी. जीपची मूठ-खिट्टी आणायला कुर्ल्याला माणूस पाठवायचा तो त्यानंतर, सुतळी खिशात देऊन.