हप्ता मिळाला, घर मजबूत झाले का?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने किल्लारी आणि आसपासची गावे हादरली. अधिकृत आकड्यानुसार ७,९२८ माणसे गेली. पार उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली आणि त्यांच्याविषयी पुष्कळ लिहूनही झाले. जी घरे पडली नाहीत, नुसती तडकली, त्यांची गोष्ट मात्र मागे राहिली. अशी घरे थोडीथोडकी नव्हती, दोन लाखांच्या आसपास होती. त्यांच्यासाठी सरकारने जागतिक बँकेच्या कर्जातून दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम हाती घेतला. त्यात रक्कम घरमालकाला मिळणार आणि काम त्यानेच करून घ्यायचे, असे ठरले. नुकसान कमी असेल तर १७ हजार, जास्त असेल तर ३४ हजार, तेही हप्त्याहप्त्याने.

पैसे वाटणे त्या मानाने सोपे. त्यातून घर खरोखर सुरक्षित झाले की नाही, हे गावोगाव फिरून बघणार कोण? एकेका कनिष्ठ अभियंत्याकडे कितीतरी गावे. शिवाय तो येणार, पुरुषांशी ओट्यावर बोलणार आणि जाणार. १९९४ मध्ये सरकारने हे लोकसहभागाचे काम ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडे दिले. प्रेमा गोपालन यांनी १९८९ मध्ये मुंबईत सुरू केलेला हा उपक्रम तोवर आपल्या भागात फारसा कोणाला माहीत नव्हता. संस्थेने गावच्या महिला मंडळांना हाताशी धरले. त्यांतली अनेक मंडळे तेव्हा कागदावरच होती. त्यांतूनच बाया निवडल्या गेल्या आणि त्यांना नाव मिळाले ‘संवाद सहायक’.

या बायांनी काय केले ते समजायला आपले माळवदाचे घर डोळ्यांपुढे आणावे लागते. दोन-अडीच फूट जाडीची दगडमातीची भिंत, आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे नुसती खडी आणि माती. वर लाकडावर मातीचा जाड थर, त्यावर दर पावसाळ्याआधी आणखी माती. हादरा बसला की दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात आणि वरचा भार घरातल्या माणसांवर येतो. उपाय माहीत होते. भिंतीला आरपार भोक पाडून दोन्ही थर बांधणारा सांधा भरायचा, माळवदावरची माती उतरवायची, भिंतीभोवती पट्टा घालायचा. संवाद सहायक हे शिकल्या, शेजारणींना समजावू लागल्या. कोणाला किती मदत मंजूर आहे आणि पुढचा हप्ता का अडला, हे ग्रामसभेत उभ्या राहून विचारू लागल्या.

तरीही दगडाची भीती लोकांच्या मनातून गेली नाही. मिळालेल्या रकमेतून बहुतेकांनी जुन्या घराशेजारी नवी लहानशी खोली बांधली, आणि अनेकांचा संसार जुन्याच भिंतींच्या आड चालू राहिला. कागदोपत्री हप्ता वापरला गेला, बांधकामही झाले. पण रात्री लेकरे झोपतात कुठे, हे त्या घरात ऊठबस असणाऱ्या बाईलाच ठाऊक. माझ्या मते या संस्थेची खरी कमाई हीच की तिने तपासणीचे काम अशा बाईच्या हाती दिले.

पुढची वाटचाल यातूनच निघाली. पुनर्वसन आटोपत आले तेव्हा मंडळे विखुरली नाहीत. त्यांचे बचत गट झाले. २००१ मध्ये कच्छ हादरले, तेव्हा इथल्या बाया तिथल्या बायांना धीर द्यायला आणि शिकवायला गेल्या. २००४ च्या त्सुनामीनंतर हे काम तमिळनाडूपर्यंत पोचले. दुष्काळाच्या वर्षांत एक एकराची शेती आली. घरच्या जमिनीतला एखादा एकर बाईने कसायचा आणि त्यात आधी घरच्या ताटात लागणारी डाळ, धान्य, भाजी घ्यायची. २०१६ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. प्रेमाताई २०२२ मध्ये गेल्या. काम चालू आहे.

पैसे दिल्यावर घरी जाऊन विचारण्याची ही रीत इतरत्रही दिसते. आज निर्वासितांसाठी काम करणारे संयुक्त राष्ट्रांचे उच्चायुक्तालय अनेक देशांत कुटुंबांना रोख मदत देते आणि वाटपानंतर घरी जाऊन विचारते: पैसे वेळेवर मिळाले का, आणताना धोका वाटला का, बाजारात वस्तू मिळाल्या का, तरीही उसनवारी करावी लागली का, मुलाला शाळेतून काढावे लागले का? हे प्रश्न आपल्यालाही लागू आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या जळकोटशेजारच्या मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगावात पाणी शिरले. पाठोपाठ सप्टेंबरच्या अतिवृष्टीने सगळा मराठवाडा झोडपला. आता अनुदान थेट खात्यात येते आणि बहुतेक ठिकाणी चौकशी ‘जमा झाले का’ एवढ्यावरच थांबते.

जळकोट तालुक्यातल्या ग्रामपंचायतींना आणि बचत गटांना म्हणून एक विनंती आहे. अनुदान जमा झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी गटातल्या दोघीजणींनी लाभार्थ्यांच्या घरी जावे, वरचे प्रश्न विचारावेत आणि उत्तरे पुढच्या ग्रामसभेत सगळ्यांसमोर वाचून दाखवावीत. त्यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची वाट बघायची गरज नाही.