पायपातलं ग्लिसरीन

मंडळी, अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांचा एक प्रयोग तुम्ही पाहिला असेल. बुवा मंत्र पुटपुटतो, तूप ओततो आणि काडी न लावता होम पेटतो. तूप म्हणजे ग्लिसरीन, खाली पोटॅशियम परमँगनेट. तर हेच ग्लिसरीन अमेरिकेत वर्षानुवर्षं आग विझवणाऱ्या पायपांमधे भरलेलं होतं!

छतातून पाणी फवारणारे स्प्रिंकलर जुनेच. १८७४ मधे हेन्री पार्मली यांनी न्यू हेवनच्या आपल्या पियानो कारखान्यात ते बसवले. पण पायपात कायम पाणी, आणि हिवाळा तिकडचा. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, पाइप फुटतो. कारखानदारांनी यावर छान उपाय काढला: पायपात दाबाखालची हवा, पाणी उबदार खोलीतल्या व्हॉल्व्हमागे. आगीने तोटी उघडली की आधी हवा निघून जाते, मागून पाणी येतं.

घरासाठी हे महाग पडतं, शिवाय पाणी पोचायला उशीर. म्हणून थंड माळ्यावरच्या पायपांत अँटिफ्रीझ भरायचे. सीपीव्हीसी प्लास्टिकच्या पायपांना ग्लायकॉल सोसत नाही, मग ग्लिसरीन. किती टक्क्यांना मिश्रण किती तापमानाला गोठतं, याचे तक्ते अग्निसुरक्षेच्या मानकातच छापलेले. पेटतं कधी, याचा तक्ता नव्हता. आमच्या धंद्यात याला अर्धवट टेस्टिंग म्हणतात.

२००९ मधे कॅलिफोर्नियातल्या ट्रकी गावी एका स्वयंपाकघरात तेलाने पेट घेतला. स्प्रिंकलर वेळेवर उघडला. पण मिश्रणात ग्लिसरीन ७० टक्क्यांच्या वर. बारीक थेंबांचा तो फवाराच भडकला. एक जण दगावला, एक गंभीर जखमी. यंत्रणा बिघडली असती तर एक वेळ समजलं असतं, इथे ती चोख चालली होती.

पुढे चाचण्यांत दिसलं की मंजूर प्रमाणातलं मिश्रणही काही वेळा आग वाढवतं. जुलै २०१० मधे एनएफपीए या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने घरांतलं अँटिफ्रीझ काढून साधं पाणी भरायला सांगितलं, ऑगस्टमधे नव्या घरांत त्यावर बंदी आली. नंतर ती सैल झाली. आता नव्या यंत्रणेत चाचणीतून पास झालेलंच मिश्रण चालतं.

आणि पाणी गोठू नये म्हणून? पाइप ४ अंश सेल्सियसच्या वर राहिले पाहिजेत, बस्स. माळ्यावर उष्णतारोधक कापसाची गादी पायपाच्या वरून तंबूसारखी पांघरायची, खाली खोलीची ऊब मोकळी ठेवायची. गादी पायपाखाली गेली की ऊब अडते आणि पाइप गारठतो.