रायचंदभाईंची पहिली भेट



मोठ्या माणसाची अचानक गाठ पडली की आपण ती वर्षानुवर्षे सांगत राहतो. आमच्या घनसावंगीतही कुणाला एसटीत पुढारी भेटलेले असतात, कुणाला शिर्डीच्या रांगेत नटी दिसलेली असते. मला मात्र १८९१ सालची मुंबईतली एक भेट फार मोलाची वाटते.

जुलै महिना, समुद्र खवळलेला. २१ वर्षांचे मोहनदास गांधी विलायतेहून बॅरिस्टर होऊन बोटीतून उतरले. न्यायला थोरले भाऊ आले होते. आई पुतळीबाई गेल्याची बातमी घरच्यांनी त्यांना परदेशात कळू दिली नव्हती, ती आता कळली. याच आईने १८८८ साली मुलाला धाडण्याआधी मांस, मद्य आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची शपथ घ्यायला लावली होती. शपथ देणारे बेचरजी स्वामी जैन साधू होते. मुलाने शपथ पाळली, पण ते ऐकायला आई राहिली नव्हती.

मुक्काम डॉ. प्राणजीवन मेहतांकडे होता. तिथे डॉक्टरांच्या थोरल्या भावाच्या जावयांशी ओळख झाली. ते रायचंदभाई, म्हणजे आपले श्रीमद राजचंद्र. वय अवघे २३, धंदा हिऱ्या-मोत्यांचा, ख्याती शतावधानी म्हणून. गांधीजींनी परीक्षा घ्यायची ठरवली. युरोपातल्या वेगवेगळ्या भाषांतले शब्द लिहून काढले आणि वाचून दाखवले. रायचंदभाईंनी ते सगळे त्याच क्रमाने म्हणून दाखवले.

आपण असतो तर हा चमत्कार घेऊनच घरी आलो असतो! गांधीजी तिथे थांबले नाहीत. त्यांच्या मनात भरली ती रायचंदभाईंची शास्त्रांची जाण, निर्मळ चारित्र्य आणि आत्मज्ञानाची ओढ. लाखोंचा सौदा संपला की पेढीवरच त्यांची धर्मचिंतनाची वही उघडायची. मी बी.कॉम. झालेली, त्यामुळे हिशेबाच्या वहीशेजारची ही दुसरी वही मला फार जवळची वाटते. घरचं सगळं आटोपलं की सामायिक करू, असं आपण म्हणतो. घरचं कधी आटोपतं का?

पुढे दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्ती आणि मुसलमान स्नेही गांधीजींना आपापल्या धर्माकडे बोलावू लागले. मन डळमळलं. तेव्हा, १८९४ साली, त्यांनी रायचंदभाईंना पत्राने २७ प्रश्न विचारले. आत्मा म्हणजे काय, ईश्वर म्हणजे काय, मोक्ष म्हणजे काय? सविस्तर उत्तरं आली आणि मन स्थिरावलं. १९०१ साली, वयाच्या ३३ व्या वर्षी श्रीमद गेले. गांधीजींनी त्यांना गुरू केलं नाही, पण आपल्यावर खोल ठसा उमटवणाऱ्यांत टॉलस्टॉय आणि रस्किन यांच्या बरोबरीने त्यांचं नाव घेतलं. ते दोघे पुस्तकांतून भेटले, रायचंदभाई प्रत्यक्ष.

भेट योगायोगाने झाली. पण तिचं नातं झालं ते प्रश्नांमुळे, आणि मला वाटतं, आईच्या शपथेने मनाची मशागत आधीच झाली होती म्हणूनही.

विहार करत साध्वीजी आपल्या गावांतून जातात, गोचरीला दारात येतात. आपण वंदना करतो, कुठून आलात विचारतो, फोटो काढतो. एवढ्यावरच थांबतो. या चातुर्मासात मनात खुपणारा एक तरी प्रश्न घेऊन त्यांच्यापाशी बसू या.