मनूची यादी ते मॉडेलिंगची मोजपट्टी

नायगावला टीव्ही मालिकांचे सेट आहेत. नालासोपारा-विरारच्या चाळींतून कितीतरी मुली ऑडिशनसाठी तिथे, नाहीतर लोकल पकडून अंधेरीला जातात. उंची, वजन, कंबर, रंग लिहून द्यायचा, फोटो द्यायचे आणि वाट बघायची. नकाराचं कारण कुणी सांगत नाही, पण मुलगी ते स्वतःच ठरवून टाकते. मग रात्रीचं जेवण बंद होतं आणि गोरेपणाची क्रीम दुप्पट लावली जाते.

यात आंबेडकरी चळवळीचा काय संबंध, असं काही कार्यकर्ते विचारतात. संबंध आहे आणि तो फार जुना आहे.

मनुस्मृतीचा तिसरा अध्याय काढून आठ ते दहा हे श्लोक वाचा. कोणत्या मुलीशी लग्न करू नये, याची ती यादी आहे. पिंगट केसांची नको, आजारी नको, अंगावर अजिबात केस नसलेली नको, जास्त केस असलेलीही नको, बडबडी नको. नदीचं, झाडाचं, पक्ष्याचं नाव असलेली नको आणि अंत्यजांचं नाव असलेली तर नकोच. हवी कशी? व्यंग नसलेली, हंसाच्या किंवा हत्तीच्या चालीची, बारीक दातांची, नाजूक अंगाची. नीट पाहा, देखणेपणाची अट आणि जातीची अट एकाच यादीत आहे. बाईचं शरीर पारखण्याचा अधिकार आणि माणसाची जात पारखण्याचा अधिकार एकाच हातात होता.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी हा ग्रंथ जाळला. त्याच परिषदेच्या वेळी ते स्त्रियांशीही बोलले. लुगडं नेसण्याची जुनी तऱ्हा सोडा, हातागळ्यात घातलेले कथलाचे, चांदीचे जड दागिने सोडा, असं त्यांनी सांगितलं. आज कुणी म्हणेल, बाबासाहेबांनीही बायकांना नीटनेटकं दिसायलाच सांगितलं ना! पण तसं म्हणणं म्हणजे मुद्दाच न समजणं आहे. ती नेसण आणि ते दागिने ही अस्पृश्यतेची लादलेली खूण होती. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये नोंदवलं आहे की महार बाईला लुगड्याचा काठ दिसेल असं नेसायचीही मुभा नव्हती. बाबासाहेबांनी खूण पुसायला सांगितली, कुणाच्या पसंतीला उतरायला नाही. लादलेलं टाकणं वेगळं आणि लादलेलं अंगावर चढवणं वेगळं.

दुसरी मोजपट्टी इंग्रजांनी आणली. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांचा दावा होता की नाक जितकं रुंद तितकी जात खालची. म्हणजे आमचा चेहराच आमच्या कनिष्ठपणाचा पुरावा! बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात नाकांच्या मोजमापांचेच आकडे घेऊन हा सिद्धांत मोडीत काढला. ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश वेगळा नाही, हे त्यांनी त्याच आकड्यांवरून दाखवलं.

तिसरी मोजपट्टी बाजाराची. १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ आली. गोरी झाली म्हणून नोकरी मिळाली, स्थळ जमलं, अशा जाहिराती पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्या गेल्या. १९९१ ला बाजार खुला झाला आणि १९९४ ला मिस युनिव्हर्स व मिस वर्ल्ड हे दोन्ही मुकुट भारतात आले. गल्लीगल्लीत ब्युटी पार्लर आणि शाळा-कॉलेजात सौंदर्यस्पर्धा पोचल्या. २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडची हत्या झाली, जगभर वर्णद्वेषाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे त्या क्रीमच्या नावातला ‘फेअर’ गेला. नाव बदललं, धंदा चालूच आहे.

ज्या मॉडेलसारखं व्हायचं, तिची तरी अवस्था काय? २००६ मध्ये आना कॅरोलिना रेस्टन ही ब्राझीलची एकवीस वर्षांची मॉडेल उपासमारीच्या आजाराने मेली. त्याच वर्षी माद्रिदच्या फॅशन शोने अतिकृश मॉडेलना मंचावर बंदी घातली. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलला डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. अशा देशात मुलींना उपाशी राहणं सौंदर्य म्हणून विकलं जातं! २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती. गोरेपणाच्या क्रीममधल्या पाऱ्याने एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती.

आता आपल्या घरात पाहू. बौद्ध वधू-वर मेळाव्याचा फॉर्म काढा. त्यात ‘वर्ण’ असा रकाना आहे ना? मुलगा बावीस प्रतिज्ञा पाठ म्हणतो आणि आई-बाप ‘गोरी, सडपातळ’ मुलगी मागतात. मनूची पोथी जाळली, पण यादी आपण खिशात ठेवून दिली.

मुलींनी मॉडेलिंग करू नये, असं माझं मुळीच म्हणणं नाही. आमच्या मुली रॅम्पवरही जाव्यात, कॅमेऱ्यासमोरही जाव्यात. काय घालावं, काय करावं, हे ठरवणाऱ्या त्याच. पण त्यांच्या रंगाला नकार देणाऱ्याला जाब विचारायला समाज मागे उभा हवा.

१८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी उजेडात आणलेल्या नालासोपाऱ्याच्या स्तूपावर आपण वंदनेला जातो. तिथे कुणी कुणाचा रंग विचारत नाही. मग घरी परतल्यावर का विचारतो? सुरुवात छोटी आहे. पुढच्या मेळाव्याच्या फॉर्ममधून ‘वर्ण’ हा रकाना काढा. आयोजक ऐकत नसतील तर तो कोरा ठेवा आणि का ठेवला ते त्यांना सांगा.

जय भीम!