यादीत न आलेली ठेव

बीड शहरात पहिली प्रवासी आगगाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. परळीला निजामाच्या काळापासून रूळ आहेत. पण जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणाने तोवरची सारी वर्षे मोटारीवर काढली. कचेरी, दवाखाना, शाळा, बाजार, लेकीचे सासर, सर्व काही एस. टी.च्या भरवशावर. तेव्हा श्रोतेहो, या मोटारीचा इतिहास हा आपल्या घरोघरचा इतिहास आहे. त्याच्या एका दुर्लक्षित बाजूकडे आज आम्ही आपले लक्ष वेधणार आहोत. आम्ही पंडित नव्हे. आमचे शिक्षण आगाराच्या दारात, वर्गणीच्या पावत्या फाडता फाडता झाले. त्यामुळे बोलणे साधेच असेल.

आपल्या भागातील सरकारी मोटार ही रेल्वेचे अपत्य. १९३२ साली निजाम सरकारच्या रेल्वेने रस्ता-वाहतुकीचे खाते उघडले. आरंभी त्यात २७ गाड्या व १६६ नोकर होते. मुंबई राज्याची पहिली एस. टी. पुण्याहून अहमदनगरला गेली ती १ जून १९४८ रोजी, म्हणजे त्यानंतर सोळा वर्षांनी. पुढे संस्थान भारतात सामील झाले. १९५१ साली हे खाते रेल्वेपासून वेगळे होऊन हैदराबाद राज्य सरकारकडे आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि येथील मोटारी ‘स्टेट ट्रान्सपोर्ट मराठवाडा’ या नावाने धावू लागल्या. महाराष्ट्र झाल्यावर १९६१ साली मराठवाडा, विदर्भ व उर्वरित राज्य यांची वाहतूक एका महामंडळाखाली एकत्र आली. दहा वर्षांत तीन वेळा धनी बदलला!

धनी बदलला की याद्या होतात. गाड्या किती, इमारती किती, टायर किती, तिजोरीत रोकड किती, याचा हिशेब होतो. परंतु कोणत्या घाटात कोणते वळण फसवे आहे, कपिलधारच्या यात्रेला गर्दी कोणत्या वेळी परत फिरते, महाशिवरात्रीला परळीत जादा गाड्या कोठे उभ्या करायच्या, याचा रकाना कोणत्या यादीत असणार? तरीही हस्तांतराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार सुटलीच. याचे कारण असे की, पाटी बदलली तरी माणसे तीच राहिली. १९५६ च्या राज्यपुनर्रचना कायद्याच्या ११५ व्या कलमाने बंधन घातले होते की, केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीवाचून नोकरांच्या सेवाशर्ती त्यांचे नुकसान होईल अशा बदलू नयेत. हे कलम नोकरांच्या रक्षणासाठी होते खरे. पण नोकरांबरोबर खात्याचे ज्ञानही त्याने राखले, असे आमचे मत आहे.

हे ज्ञान गेले म्हणजे काय होते, याचा एक अनुभव सांगतो. एका आगाराची एक मुक्कामी गाडी पहाटे परत येताना एका फाट्यावर दहा मिनिटे थांबत असे. नव्या वेळापत्रकात ती दहा मिनिटे वायफळ ठरून काढली गेली. आठ दिवसांत जवळच्या तांड्यावरील मुलींची शाळा बुडू लागली. तांड्याची वाट ओढ्यातून जाते, पावसाळ्यात मोठा वळसा पडतो, म्हणून पूर्वीच्या एका वाहतूक नियंत्रकाने तो थांबा मुद्दाम लांबवला होता. कागदावर वेळ लिहिलेली होती, तिचे कारण लिहिलेले नव्हते. ते गृहस्थ निवृत्त होऊन घरी बसले होते. आम्ही त्यांच्या ओसरीवर गेलो आणि चहा संपायच्या आत सारा उलगडा झाला. वेळ पूर्ववत व्हायला मात्र दोन महिने लागले. तोवर दोन मुलींची शाळा सुटली, ती कायमचीच.

आज ही गळती वाढली आहे. ऑक्टोबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या संपाच्या काळात कंत्राटी चालक आले. भाड्याने घेतलेल्या विजेच्या गाड्यांवर चालक ठेकेदाराचा असतो. त्या चालकांना आम्ही दोष देत नाही. तेही पोटासाठीच राबतात. पण ज्याला पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही हे ठाऊक नाही, त्याने धारूरचा घाट कोणासाठी मनात साठवून ठेवावा?

जिच्या पोटी ही मोटार जन्मली, त्या रेल्वेकडे पाहा. तेथे नव्या मार्गावर एकट्याने गाडी नेण्यापूर्वी चालकाला जुन्या चालकाबरोबर फेऱ्या करून तो मार्ग शिकावा लागतो, आणि मार्ग माहीत झाल्याची सही द्यावी लागते. प्रत्येक स्थानकाच्या कामाचे नियम निराळे लिहिलेले असतात. मोटारीने रेल्वेकडून वेळापत्रक घेतले, गणवेश घेतला, शिस्तही घेतली. पण ही चाल मात्र पुरती घेतली नाही.

यात आमचाही दोष आहे, तो झाकून ठेवणे बरे नव्हे. पगार, भत्ता, बदली यांसाठी आम्ही शेकडो निवेदने लिहिली. जुन्या माणसाचे ज्ञान लिहून घ्या, अशी मागणी त्यांतील एकातही घातली नाही. उलट, जे आपल्यालाच येते ते मुठीत ठेवले म्हणजे साहेब नमतो, असेही आमच्यापैकी कित्येकांना वाटे. मूठ झाकलीच राहिली आणि माणूस निवृत्त झाला. साहेबाचे काही अडले नाही. अडले ते फाट्यावर उभ्या असलेल्या पोरीचे.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. प्रत्येक आगारात एक मार्गवही असावी. तीत थांब्याची वेळ लिहावी, तसे तिचे कारणही लिहावे. निवृत्तीच्या आधीचे सहा महिने जुन्या चालक-वाहकाबरोबर नवा माणूस द्यावा, आणि शिकवण्याच्या या कामाचा वेगळा मोबदला द्यावा. यांत्रिकाच्या ज्ञानालाही हाच न्याय लावावा. इंजिनाचा आवाज ऐकून दुखणे ओळखणारा कान शेजारी उभे राहूनच तयार होतो. सरकार करील तेव्हा करील. पण श्रोतेहो, आपल्या प्रत्येकाच्या आळीत एखादा निवृत्त चालक वा वाहक आहेच. पुणे–अहमदनगरच्या पहिल्या गाडीच्या वाहकाच्या आठवणी वर्तमानपत्रांनी छापल्या, म्हणून त्या सर्वांना कळल्या. आपल्याकडे मोटार त्याहून जुनी. शाळेतल्या मुलांनी एक वही घ्यावी, त्या म्हाताऱ्याच्या ओसरीवर बसावे आणि कोणती गाडी कोठे व का थांबत होती ते विचारावे. आम्हीही आमच्या कचेरीत अशी एक वही घातली आहे. तिच्या पहिल्या पानावर त्या फाट्यावरची दहा मिनिटे कारणासह लिहून ठेवली आहेत.